सह्यांचा पटका

सुईत दोरा ओवून देणं, हे आमचं दोघांचं शेवटचं काम.

दुपार कलली होती. ओसरीवर बायको मांडीवर पटका घेऊन बसली होती. पटका म्हणजे डोक्याला बांधायचा फेटा, आमच्याकडं पटकाच म्हणतात. तिला जवळचं बारीक दिसत नव्हतं आणि मला लांबचं. त्यामुळं सुई माझ्याकडं आणि रस्त्यानं कोण चाललंय ते सांगायचं काम तिच्याकडं, अशी आमची वाटणी होती. मी दोरा तोंडात ओला केला, ओवला, गाठ मारून दिली. तिनं तो ताणून बघितला आणि म्हणाली, "आवं, सुई मिरजंला आन दोरा बेळगावला? एवढा लांब कशाला?"

मी म्हणालो, सारखं सारखं कोण ओवत बसणार. ती म्हणाली, तुम्हाला दुसरं काम तरी काय हाय.

पटक्यावर मधोमध एक अंगठा उठलेला होता. त्याच्या कडेचे लाल दोऱ्याचे टाके जुने होऊन उसवले होते. ते ती पुन्हा घालत होती. निम्मा अंगठा झाला आणि उजेड गेला. तिनं सुई तिथंच कापडात टोचली, घडी केली, उरलेलं उद्या म्हणाली. जेवलो, निजलो. सकाळी ती उठली नाही.

डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या. लोक म्हणाले, बरं झालं, तिला त्रास नाही झाला. तिला नाही झाला, खरं आहे.

त्या सकाळी मी जे केलं त्यावरून भावकीत अजून कुजबुज चालते. म्हातारा सटकला म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण त्या सकाळचं सांगायचं तर आधी पटक्याचं सांगायला पाहिजे, म्हणून लिहितो.

तिचं माहेर वडूजच्या अलीकडचं एक खेडं. तिचा बाप तरुणपणी पैलवान होता, पुढं गावच्या तालमीचा वस्ताद झाला. तालमीची मागची भिंत आणि त्यांच्या घरातल्या सोप्याची भिंत एकच. तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही, हा नियम मारुतीच्या देवळापेक्षा कडक. मग ती भिंतीला कान लावून मोठी झाली. माणूस कसा पडला ते ती आवाजावरून सांगायची. पाठीवर पडला की एक आवाज, कुशीवर पडला की दुसरा. तिचा बाप म्हणायचा, ही पोरगी पोरगा असती तर मी म्हातारपणी बसून दूध प्यालो असतो.

आणि अशी बाई माझ्या गळ्यात पडली. मी कुपवाडला ओतकामाच्या कारखान्यात. अंगानं काटकुळा. मैदान बघायला मी जायचो, पण कसा, तर जत्रेला गेल्यासारखा. भजी खायची, गर्दी बघायची, घरी यायचं. लग्नानंतर पहिल्यांदा कवठे महांकाळकडचं एक मैदान बघून आलो तर तिनं विचारलं, शेवटची कोणी मारली. मी म्हणालो, त्या जाड्यानं. कुठल्या डावावर? मी म्हणालो, डाव कसला, पाडला की त्यानं. ती भाकरी थापत होती. भाकरी तव्यात टाकली. मग म्हणाली, "तुम्हास्नी मैदानाला धाडणं म्हंजी रेड्याला कीर्तनाला बसवणं."

त्यानंतरच्या दिवाळीला आम्ही तिच्या माहेरी गेलो. लग्नात सासऱ्यानं मला बांधलेला पांढरा पटका तिनं ट्रंकेतून बरोबर आणला होता. बापापुढं अंथरला, हातात शिसपेन्सिल दिली आणि म्हणाली, बा, ह्यावर सही कर. सासऱ्याला नावापुरतंच लिहायला येत होतं. बक्षिसाच्या कागदावर अंगठा उठवायला नको म्हणून तो तेवढं शिकला होता. त्यानं जीभ बाहेर काढून, कोपऱ्यात, चुलीतल्या लाकडांसारखी वाकडीतिकडी अक्षरं काढली. तिनं त्यावर काळ्या दोऱ्यानं टाके घातले. पेन्सिल पुसून जाते, दोरा जात नाही.

पुढल्या पावसाळ्याआधी सासरा वारला. त्याचा एक फोटो नव्हता. सगळं घर हुडकलं. ज्या माणसानं जिल्हाभर कुस्त्या केल्या त्याचं नाव म्हणून काय उरलं, तर पटक्याच्या कोपऱ्यातली ती सही. तेराव्याला ती मला म्हणाली, "बाच्या कुस्त्या ज्यांनी बघितल्या ती मानसंबी मरून चालली. मग कुणाला म्हायती, हा कोन हुता? आता मैदानाला जाताय तर पटका घिऊन जावा. एकेकाला धरा आन सही आणा."

असा तो नाद लागला. सुरुवातीला तिचा, मी नुसता ओझ्याचा बैल. नंतर माझाही.

ते सत्तर सालाच्या मागंपुढंचे दिवस. सातारा-सांगलीत जत्रा कुठं नाही असं गाव नव्हतं आणि जत्रा आहे तिथं मैदान आहेच. साप्ताहिक सुट्टी धरून मी सायकल काढायचो, लांब असलं तर एसटी. कुस्त्या सुटल्या की पैलवान विहिरीवर अंग धुवायला जायचे. तिथं त्यांना गाठायचं. ओल्या अंगाचा माणूस, खाली लंगोट, आणि मी पटका पसरून उभा. काही हसायचे, काही विचारायचे, हे काय रे. मी सांगायचो, बायकोनं मागितलंय. बायकोनं म्हटलं की सगळे गप्प सही करायचे. घरी आलो की ती आधी सही बघायची, मग माझ्याकडं बघायची. कुस्ती कशी झाली ते पहिल्यापासून सांगावं लागायचं. आधी पायाला धरून कोणी पट काढला, खाली कोण गेला, वरच्यानं काय केलं. सांगता आलं नाही तर चहा मिळायचा नाही. त्यामुळं शिकलो.

फोटोही तसेच. मैदानाच्या कडेला फोटोवाला पडदा लावून उभा असायचा. आमच्या भिंतीवर त्यातले सगळे आहेत. प्रत्येकात पैलवान भिंतीएवढा आणि त्याच्या काखेत मी. एका फोटोवाल्यानं मला विचारलं होतं, पावणं, तुमी फोटोत हाय का पैलवानाच्या हातात काठी हाय? ती हे सगळ्यांना सांगायची.

पटका भरत आला. पण मधली वीतभर जागा तिनं कोरी ठेवली होती. ती एकाच माणसासाठी. त्या पैलवानाचं नाव मी लिहीत नाही. कोल्हापूरच्या तालमीत तयार झालेला, आमच्या भागातला त्यावेळचा सगळ्यात मोठा गडी. एकदा तो नवखा असताना तिच्या बापानं त्याला लंगोट दिला होता, एवढी जुनी ओळख. पण तो सापडायचा नाही. कधी दिल्लीला, कधी पंजाबात. आणि बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या जत्रेला तिच्याच माहेरी मैदानाची शेवटची, सगळ्यात मोठी कुस्ती त्याची लागली. समोर उत्तरेकडचा एक पैलवान, त्याचं नाव ऐकूनच आमच्याकडची पोरं आवंढा गिळायची.

आम्ही आदल्या दिवशीच जाऊन बसलो. मैदान ओढ्याच्या काठाला. बायकांनी तिथं यायचं नाही, म्हणून त्या माळवदावर, म्हणजे घरांच्या सपाट धाब्यावर चढायच्या. आमचं माळवद मैदानाच्या तोंडावरच होतं. ती सकाळपासून वर. मला म्हणाली, "कुस्तीआधी सही घ्या. जिंकला तर गर्दीत घावायचा न्हाई, हरला तर त्वांड दावायचा न्हाई."

तिचं बरोबर होतं. मी पटका घेतला, खाली उतरलो. आता तिथं मी काय केलं बघा. पटका चुरगळू नये, धूळ लागू नये म्हणून मी तो दोन्ही तळहातांवर पसरून घेतला आणि हौद्याकडं चालायला लागलो. हौदा म्हणजे जिथं कुस्ती होते तो लाल मातीचा आखाडा. आमच्याकडं दोन्ही हातांवर पटका घेऊन हौद्यात फक्त एकच माणूस जातो. जो जिंकणाऱ्याला मानाचा पटका द्यायचं बोललाय तो.

हलगीवाल्यानं मला बघितलं. तो वाजवत पुढं आला, माझ्यापुढं नाचत चालायला लागला. मला वाटलं, आज वाट देतायत. एका पंचानं हाताला धरून मला हौद्याच्या मधोमध उभं केलं. मी म्हणालो, सही पाहिजे, सही. हलगीत कोणाला ऐकू जातंय. आणि भोंग्यावर पुकारणाऱ्यानं पुकारलं की या गावचे जावई, सांगलीचे पावणे, वस्तादांच्या नावानं शेवटच्या कुस्तीला मानाचा पटका ठेवतायत. वस्तादांचं नाव निघालं आणि सगळं मैदान उठून उभं राहिलं. लोकांनी टोप्या उडवल्या.

ओतकामात एकदा रस साच्यात गेला की परत निघत नाही. मैदानात बोललेल्या पटक्याचं तसंच. त्यात मी जावई, आणि नाव वस्तादाचं. नाही म्हणालो असतो तर मेलेल्या माणसानं शब्द फिरवला असं झालं असतं. पंचानं माझ्या हातातनं पटका घेतला आणि हौद्याच्या कडेच्या खांबाला गुंडाळला.

मी वर माळवदाकडं बघितलं. तेवढ्या लांबनं तोंड दिसत नव्हतं. सगळ्या बायका बसलेल्या, ती एकटी उभी होती. भोंगा तिला ऐकू गेलाच होता. मी तिच्याकडं बघत उभा, ती माझ्याकडं. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खाली बसली.

उत्तरेकडचा गडी जिंकला तर माझ्या सासऱ्याची सही आगगाडीत बसून कुठल्या कुठं जाणार. कुणाच्या ट्रंकेत पडणार, कोण त्याचं पोतेरं करणार. बापाचं एवढंच एक उरलेलं, आणि ते मी स्वतःच्या हातानं हौद्यात नेऊन दिलं.

ती कुस्ती मी जशी बघितली तशी जन्मात काही बघितलं नाही. आमचा गडी वयानं मोठा. पहिल्या सलामीलाच त्याला दम लागलेला दिसला. उत्तरेकडच्यानं त्याला दोनदा खाली घेतलं. दोनदा तो मातीला पोट लावून निसटला. माझ्या शेजारचा म्हातारा म्हणायला लागला, संपलं, आता नुसतं खेळवतोय. पण मी ते ऐकलं नाही. कारण मला दिसत होतं. इतकी वर्षं चहासाठी कुस्त्या सांगून सांगून माझा डोळा तयार झाला होता. उत्तरेकडचा दर वेळी उजवा हात आधी टाकत होता. आमचा गडी त्याचीच वाट बघतोय हे मला कळलं. हात आला, यानं तो बगलेत धरला, घसरून पाठीवर गेला, खाली दाबला आणि घिस्सा डाव मारून उलटा केला. त्या भल्याथोरल्या माणसाची पाठ मातीला लागली आणि डोळे आभाळाला.

मी ओरडलो नाही. खाली बसलो. शेजारच्या म्हाताऱ्यानं मला पाणी दिलं.

पटका मीच त्याच्या डोक्याला बांधला, रिवाज आहे. सासऱ्याचा कोपरा मी मुद्दाम कानाच्या वर आणला, दिसेल असा.

घरी आलो. ती माळवदावरनं उतरली होती, चुलीपुढं बसली होती. मी दारात उभा. तिनं वर न बघता विचारलं, "घिस्सा ना?"

मी म्हणालो, "घिस्सा. उजव्या हाताची वाट बघत हुता."

"मलाबी तसंच वाटलं," ती म्हणाली. आणि चहा टाकला. पटक्याचं अक्षर काढलं नाही. मला वाटलं, आता काढंल, मग काढंल. तिनं कपबशी पुढं सरकवली, बस.

जिंकलेला पैलवान मानाचा पटका देणाऱ्याच्या घरी दूध प्यायला येतो. दिवस मावळायच्या आत तो आला. मागं हलगी, पंच, निम्मं गाव. अंगावर अजून लाल माती तशीच. त्याला सोप्यात घोंगडं टाकलं. त्यानं पटका उतरवून मांडीवर घेतला आणि टाक्यांवरनं बोट फिरवत विचारलं, हे कुणी केलं. मी आत बोट दाखवलं. तो म्हणाला, बोलवा. ती आतल्या दाराशी येऊन उभी राहिली. त्यानं विचारलं, मधी जागा कोरी का सोडलीय.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली.

तो खाली मान घालून बसला. मग म्हणाला की मला लिहायला येत नाही. एवढा मोठा माणूस, अख्ख्या गावापुढं हे बोलला. कोणी हसलं नाही. मग ती पुढं आली, कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं की ही माझ्या बापाची सही आहे. पैलवानानं झटक्यात पटका कपाळाला लावला. वस्तादाचं हे एवढंच उरलंय हे त्याला पंचांनी सांगितलं असावं, कारण तो मला म्हणाला, दाजी, हे मी कसं नेऊ? पंच खाकरले. मानाचा पटका परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर मारणं. घ्यावं तरी पंचाईत, द्यावं तरी पंचाईत.

माझी बायको म्हणाली, "न्या की. माझ्या बाला उभ्या जन्मात एवढ्या मोठ्या मैदानाचा पटका मिळाला न्हवता. आज त्याचं नाव तुमच्या डोक्यावर बसलं. घरात ट्रंकेत पडून त्यो काय करणार हुता?"

असं म्हणाली. डोळ्यांत टिपूस नव्हता. मी त्या घरचा जावई होतो, नवरा होतो, पण त्या वेळी माझी छाती सदऱ्यात मावेना.

पैलवान उठला. त्याच्या माणसाकडं त्याचा रोजचा पटका होता, घामानं पिवळा पडलेला. तो त्यानं मागून घेतला. म्हणाला, "ताई, मान परत करता येत न्हाई. पर भावानं भैनीच्या मालकाला आहेर केला तर कोन अडवतंय?" आणि स्वतःचा पटका माझ्या डोक्याला बांधायला लागला. ती म्हणाली, थांबा, आधी अंगठा द्या. त्यानं हसून तोंडानं अंगठा ओला केला, स्वतःच्याच खांद्यावरच्या लाल मातीत घोळला आणि पटक्याच्या मधोमध दाबला. मग मला बांधला.

फोटोवाला बाहेर थांबलेलाच होता. नेहमीसारखं मी पैलवानाच्या काखेत जाऊन उभा राहिलो. पैलवान म्हणाला, मी काय ह्यांच्यासंगट काढायला आलो व्हय, ताईला बोलवा. त्यावर माझी एक चुलतसासू दारातनं म्हणाली की बाईमाणूस पैलवानाशेजारी उभं राहतं काय. तो म्हणाला, "आत्या, भैनीनं भावाशेजारी उभं ऱ्हायला पंचांस्नी इचारायचं का?"

तो फोटो आमच्या भिंतीवर आहे. पैलवानाच्या डोक्यावर सह्यांचा पटका, कानाच्या वर सासऱ्याचं नाव. शेजारी ती, हिरव्या लुगड्यात, सरळ कॅमेऱ्याकडं बघणारी, सलामी द्यायला निघाल्यासारखी. आणि कडेला मी, निम्मा कापलेला. "तुमी आलाय की फोटोत," ती म्हणायची, "लागतंय तेवढं आलाय."

त्या काळात आमच्या दोन्ही जिल्ह्यांत पैलवानाशेजारी बायकोचा फोटो कुणाच्या भिंतीवर असेल तर मला दाखवा. मी तरी बघितला नाही.

पुढं ह्या नव्या पटक्यावर तिनं अंगठ्याला लाल टाके घातले आणि त्याच्या भोवतीनं सह्या जमायला लागल्या. आता विहिरीवर जाऊन गाठायची गरज राहिली नाही. पैलवानच विचारायचे, सांगलीची ताई ती तुमचीच का? काही घरी जेवून गेले. एकजण तर तिला कुस्ती सांगायला मुद्दाम कुपवाडपर्यंत आला आणि तो का हरला ते तिनंच त्याला सांगितलं. तो पहिला पटका त्या पैलवानानं शेवटपर्यंत सणासुदीला बांधला, असं लोक सांगायचे. तिला ते पुरेसं होतं. कधी परत मागितला नाही.

आता त्या सकाळचं.

बायकांनी तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. नवऱ्याआधी अहेव गेली, भाग्यवान, असं चाललं होतं. मला ओसरीवर बसवलं होतं. मी उठलो, आत गेलो, काल तिनं घडी घालून ठेवलेला पटका घेतला. दोन्ही तळहातांवर पसरला आणि तिच्याकडं चालायला लागलो. माझ्या थोरल्या बहिणीनं वाट अडवली. म्हणाली, अरे, पुरुषाचा पटका बाईच्या डोक्याला? जळून जाईल की सगळं. आणि घराण्यात असं कोणी केलंय का?

"जळू दे," मी म्हणालो. "मैदान मारलेल्याला बांधायचा असतो. बाजूला हो."

बहीण सरकली. मी गुडघ्यावर बसलो. तिचं डोकं एका हातानं उचलून धरलं आणि एकेक वेढा घातला. जन्मभर पटका बांधून हात बसलेला होता, वाकडा झाला नाही. शेवटचा वेढा असा घेतला की अंगठा कपाळावर आला. निम्म्याला नवे टाके, निम्म्याला जुने.

सुई अजून त्यातच होती. टाक्यापाशी दोरा तोडून तेवढी मी काढून घेतली आणि सदऱ्याच्या कॉलरला टोचली. दोरा पुष्कळ उरला होता.